हा तर आमचा ओजस

साध्या कपड्यांतली दोन माणसं टॅबलेट घेऊन पडवीत आली तेव्हा समिधा तांदूळ निवडत बसली होती. टॅबलेटवाली माणसं तिला नवी नव्हती. ती आंबेकोंड गावची आशा सेविका. आरोग्य खात्याचं कुणी ना कुणी अधूनमधून यायचंच, चहा घ्यायचं आणि आकडे मागायचं. तिने सूप बाजूला सारलं, चहाचं आधण ठेवलं आणि मगच काय काम काढलं ते विचारलं.

त्यांतल्या तरुणाने टॅबलेट तिच्यापुढे धरला. पडद्यावर रेघांचा एक माणूस चालत होता. त्याला तोंड नव्हतं, कपडे नव्हते, नुसते सांधे आणि ते जोडणाऱ्या काड्या. उजवा खांदा किंचित उचललेला. डावी टाच दाबून टेकायची आणि उजवं पाऊल जमीन पुसल्यासारखं अलगद पुढे जायचं.

"ही चाल ओळखीची वाटते का, ताई?"

"ओळखीची काय, हा तर आमचा ओजस," समिधा हसून म्हणाली. "पाय बरे हायत ना त्याचे? गेल्या वर्षी गुडघ्याचं कायतरी आलं होतं रिपोर्टात."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मोठा होता त्याने कप खाली ठेवला आणि आपण पोलीस ठाण्यातून आलोय असं सांगितलं. अठरा वर्षांखालच्या मुलाची चौकशी असली की गणवेश घालायचा नाही असा कायदा आहे, मूल बुजू नये म्हणून. कायदा चांगलाच आहे. फक्त त्यामुळे आईही बुजली नाही आणि नको ते हसत हसत बोलून बसली.

संध्याकाळपर्यंत ओजसला घेऊन गेले. तो सतरा वर्षांचा होता आणि जाताना त्याने चप्पल बदलून बूट घातले, एवढंच तिच्या लक्षात राहिलं.

आता ही रेघांच्या माणसाची भानगड सांगायला हवी. माणूस पाऊल टाकतो तेव्हा जमीन थरथरते. आपल्याला कळत नाही, पण जमिनीत पुरलेल्या पट्टीला कळतं. टाच किती जोरात पडली, टाचेवरून चवड्यावर भार जायला किती वेळ लागला, कंबर कुठे झुकली, हे सगळं त्या थरथरीत असतं आणि दोन माणसांचं सहसा सारखं नसतं. त्यावरून संगणक माणसाचा सांगाडा उभा करतो. या पद्धतीचं सरकारी नाव पदस्पंद. पहिल्यांदा ती कारखान्यांत आली, कारण मशीनचं बेअरिंग बिघडण्याआधी जमिनीचा कंप बदलतो. मग ती शाळांत आली, मुलांच्या पाठीचे आणि पायांचे दोष लवकर कळावेत म्हणून.

आंबेकोंडच्या शाळेत ती पट्टी आली तेव्हा लोक पोरांना पाठवेनात. कसली पट्टी, कसली किरणं, नको ती ब्याद. तेव्हा समिधाने सगळ्यांसमोर स्वतःच्या मुलाला त्या पट्टीवरून चालवलं होतं. "बघा, काय होतंय का त्याला?" मग गावातली सगळी पोरं चालली. जिल्ह्यातल्या हजारो मुलांची चाल अशी साठवली गेली. मोठ्या माणसांची कुणी साठवली नाही, मोठ्यांच्या पाठीचं कुणाला काय पडलंय. पुढे गंभीर गुन्ह्यात ही साठवण पोलिसांना पाहू देण्याचा नियम निघाला, तो तिने वाचलाही नव्हता.

आणि गावाबाहेरच्या काजूच्या कारखान्यात गंभीर गुन्हा घडला. दुपारी वीज गेली, कॅमेरे बंद पडले, मशीन थांबली. पट्टी बॅटरीवर चालते, ती जागीच होती. कुणीतरी काजूबियांचं अर्धं पोतं खांद्यावर टाकून गोदामाच्या मागच्या जिन्याने उतरत होतं. वॉचमन नवालेकाकांनी त्याला धरलं, झटापट झाली आणि काका जिन्यावरून गडगडले. ते दवाखान्यात अजून शुद्धीवर आले नव्हते. पोलिसांनी त्या पावलांना साठवणीत जोडीदार शोधला आणि यंत्राने ओजसचं नाव काढून दिलं. उरलेली कसर आईने चहा पाजून भरून काढली.

*

जिल्ह्याच्या ठिकाणी विधी सेवा केंद्रात फुकट वकील मिळतो हे समिधाला माहीत होतं, गावातल्या बायकांना तिनेच कितीदा तिकडे धाडलं होतं. तिच्या वाट्याला आल्या अ‍ॅडव्होकेट फरहाना मुकादम. बाई तिच्याच वयाच्या. टेबलावर फायली आणि डब्यातली अर्धी भाकरी.

"आधी एक गोष्ट स्पष्ट करते, समिधाताई," त्या म्हणाल्या. "मी ओजसची वकील आहे. तुमची नाही."

"म्हणजे? आमचीच ना?"

"नाही. फक्त त्याची. तो मला जे सांगेल ते मी तुम्हाला सांगणार नाही. त्याने सांग म्हटलं तरच सांगेन."

समिधाला हे काही केल्या पटेना. सतरा वर्षं जो मुलगा तिच्या हातचं जेवला, त्याच्या मनातलं परक्या बाईला कळणार आणि आईने बाहेर बाकावर बसायचं. पण बाई शांतपणे पुढे सांगत राहिल्या. आता कुणाशी एक शब्द बोलायचा नाही. फोनवर तर नाहीच. कागदावर ओजस आरोपी नाही, विधिसंघर्षग्रस्त बालक आहे. हा शब्द उच्चारताना समिधाची जीभ तीन ठिकाणी अडखळली. बालकाचा खटला एरवी बाल न्याय मंडळापुढेच चालतो, फार तर सुधारगृह. पण मूल सोळाच्या वरचं आणि गुन्हा फार गंभीर असला, तर मंडळ त्याला मोठा समजून वरच्या न्यायालयाकडे सोपवू शकतं. मग शिक्षाही मोठ्या माणसाची.

"ते होऊ द्यायचं नाही, हे माझं काम. आणि त्यात सगळ्यात मोठी अडचण काय आहे सांगू? यंत्र नाही. तुम्ही. तुम्ही ओळखलंत त्याला."

समिधा पुटपुटली, "मला वाटलं आरोग्य खात्याचे हायत."

"ते मी लिहिलंय. पण मला नीट आठवून सांगा. तुम्ही ओजसला ओळखलंत, की त्या चालीला?"

दोन्ही वेगळं असतं हेच समिधाला आजवर सुचलं नव्हतं. "चाल तर आमच्याकडं सगळ्यांचीच तशी," ती शेवटी म्हणाली. "पालखीची चाल ती."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "सगळ्यांची म्हणजे कुणाची?"

मग समिधाने सांगितलं. शिमग्यात देवीची पालखी घरोघर फिरते. आत देवीची रूपं, म्हणजे चांदीचे मुखवटे. दांडा पुढे एक, मागे एक असा खांद्यावर घ्यायचा. डोंगरातल्या वाटा, चढउतार, पण रूपं हलता कामा नयेत. म्हणून डावी टाच दाबून टेकायची आणि उजवं पाऊल नुसतं पुसत न्यायचं. गावातल्या काही घरांनाच हा मान, तिच्या माहेरालाही आहे. बाकीच्यांची चाल दांडा खांद्यावर आला की तशी होते. ओजसची मात्र कायमचीच तशी, कारण चालायलाच तो मामाकडून शिकला. त्याचे वडील तो रांगत असताना गेले.

"हा मामा कुठे असतो?"

"आमच्यासोबतच. रूपेश. माझा पाठचा भाऊ."

फरहानाबाईंनी ते नाव लिहून घेतलं नाही. नुसत्या तिच्याकडे बघत राहिल्या. का ते समिधाला तेव्हा समजलं नाही.

*

ओजसला ठेवलं होतं त्या निरीक्षणगृहात भेटीच्या खोलीला निळा रंग दिला होता आणि भिंतीवर हत्ती, ससे काढले होते. ओजसला मिसरूड फुटलेलं. तो सशाखाली बसला होता.

"तू होतास काय रे तिकडं?"

"नव्हतो."

"मग कोण होता?"

त्याने नखाने टेबलाचा पापुद्रा काढायला घेतला. लहानपणी खोटं बोलताना तो असंच करायचा, पण खरं दडवतानाही असंच करायचा. तिला कधीच त्यातला फरक करता आला नव्हता.

"वकीलबाईंना सांगितलंस?"

"त्यांना सगळं सांगितलंय. त्या तुला सांगणार नायत."

"मी आई हाय तुझी, ओजस."

"म्हणूनच," तो म्हणाला आणि रडू आलं तसा थांबला. "मामा कसाय? त्याला इकडं येऊ देऊ नको हां, आई. येतो म्हणाला तरी नको."

बिचाऱ्याला मामासमोर लाज वाटत असेल, असं समिधाने धरलं. परतीच्या एसटीत मात्र ते 'म्हणूनच' तिच्या डोक्यात फिरत राहिलं.

घरी रूपेशने भात लावून ठेवला होता. तो आधी त्याच कारखान्याच्या टेम्पोवर होता, चैत्रात मालकाशी वाजलं आणि काम सुटलं. ओजसला नेल्यापासून तो धड जेवत नव्हता. रात्री पडवीत येरझाऱ्या घालायचा. भाच्यावर जीव आहे त्याचा, असं शेजारणी म्हणायच्या आणि ते खरंच होतं. नवरा गेला तेव्हा सासरची कुणी माणसं उभी राहिली नाहीत. हाच पोरगेला भाऊ टेम्पो घेऊन आला होता आणि तिचे हंडे-कळश्या भरून, ओजसला मांडीवर बसवून तिला इथे माहेरी घेऊन आला होता. त्याने लग्नही केलं नाही.

"काय सांगितलान त्याने?" रूपेशने विचारलं.

"काय नाय. तुला येऊ नको म्हणाला."

रूपेशच्या हातातला पळा भातात तसाच राहिला. "येवडंच?"

"येवडंच. आणि मॅडमनी पालखीवाल्या सगळ्यांना बोलावलंय, मंडळापुढं पट्टीवर चालायला. यंत्राला आपल्यातला फरक कळत नाय हे दाखवायचंय. तू येशील ना रे?"

"येईन की," तो म्हणाला. जरा वेळाने पुन्हा म्हणाला, "येईन."

*

बाल न्याय मंडळाची खोली कोर्टासारखी नव्हती. उंच चौथरा नाही, पिंजरा नाही. लांब टेबलामागे न्यायदंडाधिकारी बाई आणि दोन समाजसेवक बसले होते, समोर ओजस आणि फरहानाबाई. बाजूच्या व्हरांड्यात पट्टी अंथरली होती आणि प्रयोगशाळेचे तज्ज्ञ पडदा लावून तयार होते.

"यंत्र कुणालाही गुन्हेगार म्हणत नाही," तज्ज्ञांनी समजावून सांगितलं. "ते फक्त सारखेपणा मोजतं. गोदामातल्या पावलांवर पोत्याचं वजन होतं. वजनाने माणसाची चाल किती बिघडते याचं गणित आमच्याकडे आहे. ते वजन आम्ही वजा केलं. उरलेली चाल या मुलाशी शंभरात चौऱ्याण्णव जुळते."

"यंत्रापाशी जिल्ह्यातली फक्त मुलं आहेत," फरहानाबाई म्हणाल्या. "जो यंत्राला माहीतच नाही, त्याचं नाव ते कसं काढणार? माहितीतलं सगळ्यांत जवळचं ते काढून देणार. म्हणून आज यांना चालवून बघायचंय."

गावातले चौघे एकेक करून चालले. परीटघडीचे शर्ट, तोंडावर भीती. पडद्यावर आकडे आले, कुणाचा चाळीस, कुणाचा पंचावन्न. चौऱ्याण्णवच्या जवळपासही कुणी गेलं नाही. तज्ज्ञांनी मान डोलावली, यंत्राची अब्रू राहिली होती. फरहानाबाईंचा चेहरा उतरला. त्या समिधाकडे वळून हळूच म्हणाल्या, "हे आपल्या उलट जातंय."

मग रूपेश आला. त्याने चपला काढल्या, पट्टीला सवयीने हात लावून नमस्कार केला आणि चालला.

समिधा बघतच राहिली. हा कोण चालतोय? खांदे सरळ, पावलं लांब, दोन्ही टाचा सारख्या पडताहेत. सरकारी कचेरीतले साहेब जेवणानंतर चालतात तसा तिचा भाऊ चालत होता. जन्मात तो तसा चालला नव्हता. पडद्यावर आकडा आला एकतीस.

ओजसकडे पाहिलं तर तो मामाकडे बघत नव्हता, खाली बघून नखाने खुर्चीचा रंग काढत होता. त्या पोराचं 'म्हणूनच' तिला आत्ता उमगलं. वकीलबाईंनी नाव का लिहून घेतलं नाही तेही उमगलं, त्यांना ते ओजसकडून आधीच कळलं होतं. आणि पडवीत त्या टॅबलेटवर तिने नक्की कुणाला ओळखलं होतं? तिला शपथेवर सांगता आलं नसतं. दोघांनाही तिनेच वाढवलं होतं, एकाला आई म्हणून आणि एकाला ताई म्हणून. तिला वाटलं, आपण काही पाहिलंच नाही असं समजावं. काय माहीत, भीतीनेही माणूस वेगळा चालत असेल. आपण काय यंत्र आहोत? पण गप्प बसलं की पोरगा जाणार होता, मोठ्यांच्या तुरुंगात, कदाचित तिचे केस पिकेपर्यंत. आणि बोललं की भाऊ. कुठलंच बोलणं धड नव्हतं आणि कुठलंच गप्प राहणंही.

"आणखी कुणाला काही सांगायचंय?" न्यायदंडाधिकारी बाईंनी विचारलं.

समिधा उभी राहिली. एक शब्द बोलायचा नाही असं बजावलेलं तिला आठवत होतं.

"बाईसाहेब, पालखीवाल्याला रिकाम्या खांद्याने चालवून काय कळणार?" ती म्हणाली. "त्या माणसाच्या खांद्यावर पोतं होतं. हे साहेब म्हणतात, वजनाने चाल बिघडते. लोकांची बिघडते. आमच्याकडल्यांची सुधारते. खांद्यावर वजन द्या आणि मग बघा."

तज्ज्ञांनी चष्मा वर सरकवला. हे गणितात धरलेलं नव्हतं, असं त्यांनी प्रामाणिकपणे कबूल केलं. रूपेश बहिणीकडे बघत होता. तिने नजर वळवली नाही, तेवढं तिच्याने झालं.

व्हरांड्यात मांडवाचा एक बांबू पडला होता. पिण्याच्या पाण्याचे दोन मोठे जार दोरीने बांधून त्यावर लटकवले. एकट्याने दांडा उचलत नाहीत, दोघं लागतात. पुढे रूपेश आणि मागे कोण, हे कुणी विचारलंही नाही. तज्ज्ञांना ओजसची चाल वजनासकट हवीच होती. शिमग्यातही तो मामाच्या मागेच असायचा.

दोघांनी दांडा उचलला. पहिल्याच पावलाला ओजसने मुद्दाम पाय चुकवला. मग परत चुकवला. जार हेलकावे खायला लागले, बांबू करकरला, रूपेशचीही पावलं वेडीवाकडी पडू लागली. पोरगा काय करतोय ते समिधाला लख्ख दिसलं. तो मामाची चाल मोडत होता. तिला त्याला जाऊन मारावंसं वाटलं आणि जवळही घ्यावंसं वाटलं.

रूपेश थांबला. मागे न बघता म्हणाला, "पाय मिळव, ओजस."

"नको ना, मामा."

"पाय मिळव. रूपं हलतायत."

क्षणभर दोघे तसेच उभे राहिले. मग रूपेशची डावी टाच दाबून पडली, उजवं पाऊल जमीन पुसत गेलं आणि मागच्याची पावलं आपोआप त्यात मिसळली. जार हलायचे थांबले. पाण्यावर तरंगसुद्धा उठत नव्हता. पट्टीच्या त्या टोकापर्यंत दोघे असे गेले, की टेबलामागची माणसंही मान उंचावून बघत राहिली.

तज्ज्ञ पडद्याजवळ वाकले, मग त्यांनी चष्मा काढून पुसला. गोदामातल्या पावलांशी मागचा शंभरात ब्याण्णव जुळत होता. पुढचा सत्त्याण्णव.

"याचा अर्थ काय घ्यायचा?" न्यायदंडाधिकारी बाईंनी विचारलं.

"मला सांगता येणार नाही," तज्ज्ञ म्हणाले. "या दोघांत यंत्राला फरक करता येत नाहीये. दोघांपैकी कुणीही, किंवा तिसराच कुणी. ही ओळख धरता येणार नाही, मॅडम."

फरहानाबाईंनी डोळे मिटून श्वास सोडला. ओजस वाचला होता, निदान या यंत्रापासून. रूपेशही वाचला होता. तो आता खाली मान घालून एसटी पकडून घरी जाऊ शकत होता आणि कुणाला काही सिद्ध करता आलं नसतं. समिधाला हे कळायला थोडा वेळ लागला आणि कळल्यावर आनंद मानावा की नाही ते कळेना.

रूपेशने दांड्याचं पुढचं टोक खाली टेकवलं. खांदा चोळत तो टेबलाशी आला.

"मॅडम," त्याने फरहानाबाईंना विचारलं, "हा फुकटचा वकील फक्त पोरांनाच मिळतो, की मोठ्या माणसालाही?"

फरहानाबाई चटकन उठल्या आणि त्याच्या समोर उभ्या राहिल्या.

"मिळतो. पण मी नाही. मी त्याची वकील आहे, तुमची होऊ शकत नाही. दुसरे कुणी मिळतील, मी आत्ता फोन करते. तोवर एक शब्दही बोलायचा नाही. कळलं? एक शब्दही नाही."

"नवालेकाकांना मी मुद्दाम नाय—"

"रूपेशभाऊ, गप्प बसा," बाई म्हणाल्या.

तो गप्प बसला. समिधाच्या डोळ्यांना धार लागली होती. ती कुणासाठी, सुटलेल्यासाठी की अडकलेल्यासाठी, हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं. भावाकडे जावं म्हणून ती निघाली, आणि मग तिला व्हरांड्यात ओजस दिसला. बांबूचं पुढचं टोक जमिनीवर होतं, जार घसरत पुढे आले होते आणि मागचं टोक पोराने अजून खांद्यावर धरून ठेवलं होतं. दांडा एकट्याने खाली ठेवायचा नसतो, असंच त्याला शिकवलं होतं.

त्यांच्या गावात बायका दांड्याला हात लावत नाहीत. समिधा पुढे गेली, वाकली आणि तिने पुढचं टोक उचलून आपल्या खांद्यावर घेतलं.

"हां," ती मागे न बघता म्हणाली, "ठेव आता. हळू."